सॉफ्टवेअरमधील अडचण आपल्या शब्दांत कळवा

नाशिक परिसरातील ज्या व्यापारी, आडते आणि कारखानदार मंडळींकडे आमचे बिलिंगचे सॉफ्टवेअर चालते, त्यांच्यासाठी हे पत्रक आहे. पिंपळगाव बसवंतला लिलाव चालू असताना किंवा अंबडच्या कारखान्यातून गाडी निघण्याच्या वेळी बिल अडले, तर रीतसर तक्रार लिहायला कोणालाही सवड नसते. अशा वेळी आपण फोनवर किंवा व्हॉट्सॲपवर घाईत जे सांगता, तीच आम्ही पूर्ण तक्रार मानतो आणि आपल्याच शब्दांत नोंदवून घेतो.

शब्द न बदलण्याला कारण आहे. समजा, एखाद्या दिवाणजींनी कळवले की, "एप्रिलच्या सुरुवातीची बिले गायब आहेत, चार तारखेची मात्र दिसतात." ऐकणाऱ्याने याचे "बिले दिसत नाहीत" एवढेच करून टाकले, तर शोध भलतीकडे जातो, कारण खरा धागा त्या चार तारखेतच आहे. संगणकावर अमेरिकी पद्धतीची तारीख लावलेली असेल, तर महिना आधी आणि दिवस नंतर वाचला जातो. त्यामुळे 1, 2 आणि 3 एप्रिलची बिले अनुक्रमे 4 जानेवारी, 4 फेब्रुवारी आणि 4 मार्चला, म्हणजे मागील आर्थिक वर्षात जाऊन बसतात. 4 एप्रिलला दिवस आणि महिना यांचा आकडा एकच असल्याने ती बिले जागेवर राहतात, 5 एप्रिलची 4 मे रोजी दिसतात आणि 13 तारखेपासून, तेरावा महिनाच नसल्यामुळे, तारीख नाकारली जाते.

"आमच्याकडे तर व्यवस्थित चालते" असे उत्तर आमच्या प्रोग्रॅमरने ग्राहकाला देऊ नये, हा आमचा नियम आहे. आमच्या संगणकावर बिघाड दिसला नाही, याचा अर्थ आपल्याकडची परिस्थिती आम्हाला अजून उभी करता आलेली नाही, इतकाच होतो. त्यासाठी आपण काय करत होता, पडद्यावर काय आले आणि हेच काम पूर्वी नीट होत असल्यास कधीपर्यंत, हे आम्ही विचारतो. यातील शेवटचे उत्तर सर्वांत मोलाचे असते, कारण त्या दिवसानंतर नवी आवृत्ती, नवा प्रिंटर किंवा गल्ल्यावर नवा माणूस आला का, हे पाहता येते.

शक्य असल्यास घड्याळासह संपूर्ण पडद्याचा फोटो पाठवावा. त्या वेळेवरून सॉफ्टवेअरने ठेवलेली नोंद सापडते. फोटोतील आपल्या ग्राहकांचे मोबाइल क्रमांक झाकावेत. पासवर्ड किंवा ओटीपी आम्ही कधीही मागत नाही. "कधी कधी होते" अशी अडचणही अवश्य सांगावी.

दुरुस्ती झाल्यावर आपण स्वतः तपासून होकार दिल्याशिवाय तक्रार बंद केली जात नाही. मात्र दोष दूर झाला तरी आधी चुकीच्या तारखेला गेलेली बिले आपोआप परत येत नाहीत. ती आपल्या परवानगीने आणि आपल्या दिवाणजींसमोर एकेक करून जागेवर आणली जातात, आणि त्या काळाचे जीएसटी विवरण भरून झाले असल्यास आपल्या कर सल्लागारांसाठी बदललेल्या बिलांची यादीही दिली जाते.