दुकादाम, हेल्मुथ

दुकादाम, हेल्मुथ : (1 एप्रिल 1959 – 2 डिसेंबर 2024). रूमानियाचा फुटबॉल गोलरक्षक. 7 मे 1986 रोजी स्पेनमधील सेव्हिया येथे झालेल्या युरोपियन कपच्या (युरोपातील देशोदेशींच्या विजेत्या क्लबांची स्पर्धा) अंतिम सामन्यात त्याने बार्सिलोनाच्या लागोपाठ चार पेनल्टी अडवल्या आणि स्त्यावा बुखारेस्ट या संघाला चषक मिळवून दिला. पूर्व युरोपातल्या क्लबने हा चषक जिंकण्याची ती पहिलीच वेळ होती. रूमानियात त्याला ‘सेव्हियाचा वीर’ म्हणतात.

जन्म आराद जिल्ह्यातील सेमलाक या हंगेरीच्या सीमेलगतच्या गावी, जर्मन वंशाच्या कुटुंबात. ऊटा आराद संघाकडून तो वरच्या श्रेणीत खेळू लागला आणि 1982 मध्ये सैन्याच्या स्त्यावा संघात दाखल झाला. त्याच वर्षी तो राष्ट्रीय संघाकडून दोन सामने खेळला. पुढे ती संधी पुन्हा आली नाही. 1985 व 1986 अशी लागोपाठ दोन राष्ट्रीय विजेतेपदे त्याने स्त्यावाबरोबर मिळवली.

अंतिम फेरीच्या वाटेवर स्त्यावाने वायले, होनवेद, कूसूसी लाहती आणि आंडरलेख्ट यांना हरवले. आंडरलेख्टकडून पहिला सामना 0–1 असा गमावल्यावर बुखारेस्टमध्ये 3–0 असा विजय मिळाला. बार्सिलोनाने उपांत्य फेरीत गोटेबोर्गविरुद्ध पहिल्या सामन्यातली 0–3 ची पिछाडी भरून काढली होती आणि पेनल्टींवर बाजी मारली होती. म्हणजे पेनल्टींचा ताजा सराव त्यांच्याच बाजूने होता. मैदान स्पेनमधले, सुमारे 70,000 प्रेक्षकांपैकी बहुतेक सगळे बार्सिलोनाचे. स्त्यावाचा कर्णधार तुदोरेल स्तोयका बंदीमुळे बाहेर असल्याने श्तेफान योवानने नेतृत्व केले. प्रशिक्षक एमेरिक येनेई यांचा सहायक, 36 वर्षांचा आंगेल योर्दनेस्कु, दुसऱ्या सत्रात बदली खेळाडू म्हणून स्वतः मैदानात उतरला. 120 मिनिटांनंतरही गोलफलक 0–0 असाच होता. त्यामुळे निकाल पेनल्टींवर, म्हणजे दोन्ही संघांनी आळीपाळीने मारायच्या पाच-पाच फटक्यांवर आला.

पुढचे समजण्यासाठी पेनल्टीचे गणित ध्यानात घ्यावे लागते. चेंडू गोलरेषेपासून 11 मीटरवर असतो. गोलची रुंदी 7.32 मीटर, उंची 2.44 मीटर. ताशी 100 किलोमीटर वेगाने मारलेला चेंडू सुमारे 0.4 सेकंदात रेषेवर पोहोचतो. तेवढ्या वेळात चेंडू पाहून मग खांबापर्यंत झेप घेणे जवळपास अशक्य असते, म्हणून बाजू आधीच ठरवावी लागते. पण लवकर कलले की मारणारा ते हेरतो आणि चेंडू दुसरीकडे ढकलतो. त्यातच 1986 च्या नियमानुसार फटका बसेपर्यंत गोलरक्षकाला रेषेवरून पाय हलवता येत नसत. रेषेवर डावी-उजवीकडे सरकण्याची मुभा 1997 मध्ये मिळाली. उजव्या पायाने मारणाऱ्याचा सहज फटका स्वतःच्या डावीकडे, म्हणजे गोलरक्षकाच्या उजवीकडे जातो.

पहिला फटका स्त्यावाचा होता. माज्यारूचा चेंडू बार्सिलोनाचा गोलरक्षक उरुती याने अडवला. अलेशांकोने मारलेला चेंडू दुकादामने उजवीकडे झेपावून परतवला. उरुतीने बोलोनीलाही रोखले. पेद्रासा आला, दुकादाम पुन्हा उजवीकडेच गेला आणि चेंडू हाती लागला. चार फटके झाले तरी गोल एकही नाही. मग लकतूशने सगळा जोर लावून मधोमध मारला. चेंडू आडव्या खांबाच्या खालच्या कडेला लागून आत गेला. उपांत्य फेरीत गोटेबोर्गवर तीन गोल करणारा पिची आलोन्सो पुढे झाला. दुकादाम तिसऱ्यांदाही उजवीकडे, आणि तिसऱ्यांदाही बरोबर. बालिंटने 2–0 केल्यावर मार्कोसला गोल करणे भागच होते. या वेळी दुकादाम डावीकडे झेपावला आणि चेंडू अडला. पाचव्या फटक्यांची गरजच उरली नाही.

याला नशीब म्हणून सोडून देणे चुकीचे ठरेल. दुकादामने नंतर सांगितल्याप्रमाणे त्याने प्रत्येक वेळी मारणाऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहिले. गोलरक्षक एकदा उजवीकडे गेला की आता तो बाजू बदलेल असे पुढच्याला वाटते, आणि म्हणून तो चेंडू पुन्हा तिथेच मारतो. तीनदा तेच घडल्यावर चौथा मात्र तिकडे मारायला धजणार नाही, हे त्याने ओळखले. अवघड भाग होता तो तिसऱ्या वेळी: दोनदा साधलेली बाजू न सोडण्याला थंड डोके लागते.

त्याच उन्हाळ्यात उजव्या हाताच्या रक्तवाहिनीत गुठळी होऊन तातडीची शस्त्रक्रिया करावी लागली. हात वाचला, पण वरच्या दर्जाचा खेळ संपला. तेव्हा तो 27 वर्षांचा होता. डिसेंबर 1986 मध्ये टोकियोत आंतरखंडीय चषकासाठी रिव्हर प्लेटविरुद्ध आणि फेब्रुवारी 1987 मध्ये मोनाकोत युरोपियन सुपर कपसाठी डायनामो कीव्हविरुद्ध स्त्यावाच्या गोलमध्ये दुमित्रु स्तन्गाचू उभा होता. दुकादाम अचानक दिसेनासा झाल्याने देशात अफवा उठली की स्पेनमधून बक्षीस मिळालेल्या मोटारीवरून हुकूमशहा चाउशेस्कूच्या कुटुंबाने त्याचे हात मोडवले. बातम्यांवर पहारा असलेल्या देशात ती वर्षानुवर्षे टिकली, पुढे परदेशी लेखनातही शिरली. दुकादामने स्वतः ती नाकारली. कारण आजारपणाचे होते.

1989 मध्ये तो वागोनुल आराद या दुसऱ्या श्रेणीच्या संघातून परतला आणि 1991 पर्यंत खेळला. नंतर सेमलाकला सीमा पोलिस दलात अधिकारी म्हणून नोकरी केली. काही काळ तो अमेरिकेतही राहिला. 2008 मध्ये राष्ट्राध्यक्ष त्रायान बसेस्कू यांनी त्याला क्रीडा गुणवत्तेचा सन्मान दिला. 2010 पासून तो काही वर्षे स्त्यावा क्लबचा अध्यक्ष होता. बुखारेस्ट येथे वयाच्या 65 व्या वर्षी त्याचे निधन झाले.