किलोचा आकडा बघून मटेरियल निवडू नका

काचेची बाटली की प्लास्टिकची, पर्यावरणावर कमी भार कुणाचा, असं विचारलं की बहुतेक जण लगेच काच म्हणतात. किलोच्या हिशोबाने ते बरोबरच आहे, एक किलो काच बनवायला साधारण १० ते १५ मेगाज्यूल ऊर्जा लागते आणि पेट प्लास्टिकला ८० च्या आसपास. पण बाटली आपण किलोवर वापरतो का? लिटरभराची पेटची बाटली ४० ग्रॅमची धरा, काचेची सहज ४०० ग्रॅमची होते, आता गुणाकार करून बघा, पेट ३.२ मेगाज्यूल आणि काच ४ ते ६. झालं ना उलटं! (काचेची बाटली धुऊन परत परत भरली तर हिशोब पुन्हा फिरतो, तेही खरंच.)

प्रॉडक्ट डिझाइनमध्ये मटेरियल निवडायची सॉफ्टवेअर्स हेच काम करतात, कामाच्या मापाने तुलना. यात केंब्रिजचे प्रोफेसर माइक ॲशबी यांचं नाव घ्यायलाच हवं. त्यांनी सगळ्या मटेरियल्सचा एक नकाशाच काढला, आडव्या अक्षावर घनता, उभ्यावर ताठरपणा, धातू एका फुग्यात, लाकडं दुसऱ्यात, प्लास्टिक तिसऱ्यात. १९९४ मध्ये त्यांनी डेव्हिड सेबॉन यांच्यासोबत ग्रँटा डिझाइन ही कंपनी काढली, ती २०१९ मध्ये अँसिस या इंजिनिअरिंग सॉफ्टवेअरच्या कंपनीने विकत घेतली. त्यांच्या डेटाबेसमध्ये मजबुती आणि किंमतीबरोबर बनवायला लागणारी ऊर्जा, कार्बन, पाणी, रिसायकल होतं का, हे सगळं प्रत्येक मटेरियलच्या पानावर असतं.

आता मला सगळ्यात आवडणारं उदाहरण. स्टीलचा एक सपाट पत्रा आहे आणि तो बदलून तेवढाच ताठ ॲल्युमिनियमचा हवाय. ॲल्युमिनियम तीनपट लवचिक, पण पत्र्याचा ताठरपणा जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो, म्हणून जाडी फक्त १.४४ पट केली की पुरे, आणि वजन येतं स्टीलच्या निम्मं. छान वाटतं ना? पण नवीन ॲल्युमिनियमला किलोमागे २०० मेगाज्यूलच्या आसपास लागतात आणि स्टीलला साधारण ३०, म्हणजे वजन निम्मं होऊनही ऊर्जा तिपटीहून जास्त. हाच पत्रा गाडीला लावला तर हलकेपणामुळे दर किलोमीटरला थोडं थोडं इंधन वाचत जातं आणि पुरेसं अंतर पळाली की ही उधारी फिटते, कपाटाला लावला तर कधीच फिटत नाही, कारण कपाट कुठे जातच नाही. मटेरियल तेच, पत्रा तोच!

म्हणून सॉफ्टवेअर पूर्ण आयुष्याचा हिशोब मांडतं: मटेरियल, कारखाना, वाहतूक, वापर, शेवट, प्रत्येकाचा एक उभा खांब, आणि सगळ्यात उंच खांब कुठला ते एका नजरेत कळतं. इलेक्ट्रिक केटल घ्या. लिटरभर पाणी २० वरून १०० डिग्रीला न्यायला ०.३३५ मेगाज्यूल लागतात, दिवसातून दोनदा, तीन वर्षं, झाले सातशेच्या वर, आणि वीज कोळशाची असेल तर तिकडे साधारण तिप्पट उष्णता जाळलेली असते. केटलच्या बॉडीच्या किलोभर पॉलिप्रॉपिलीन प्लास्टिकचे मात्र ८० च्या आसपासच. अशा वेळी डिझाइनरने बॉडीचं प्लास्टिक कुठलं यावर महिनाभर घासाघीस करण्यापेक्षा एक कपाची खूण ठळक दिसेल अशी करावी, म्हणजे लोक लागेल तेवढंच पाणी उकळतील. माझ्या मते या सॉफ्टवेअरचा खरा उपयोग हाच, मेहनत कुठे घालायची ते कळणं.

अर्थात सगळं डेटावर अवलंबून. ॲल्युमिनियम वितळभट्टीत किलोमागे १३ ते १५ युनिट वीज खातं, त्यामुळे वीज धरणाची की कोळशाची यावर त्याचा कार्बन काही पटींनी बदलतो, डेटाबेसमधला एकच सरासरी आकडा हे सांगत नाही. दोन पर्यायांत पाच-दहा टक्क्यांचा फरक दिसला तर तो फरक धरूच नये, दुप्पट-तिप्पट असेल तर विश्वास ठेवावा.

रिसायकल केलेल्या ॲल्युमिनियमला नव्याच्या साधारण ५ टक्के ऊर्जा लागते, त्यामुळे तो पर्याय टिक केला की मटेरियलचा खांब धपकन खाली येतो आणि भारी वाटतं. पण भंगारात लोखंडाचे स्क्रू राहिले की लोखंड ॲल्युमिनियममध्ये मिसळतं, ते काढणं फार अवघड, आणि असा धातू पातळ पत्र्याऐवजी ओतीव भागांत जातो. तेव्हा टिक करण्याआधी बघा, तुमच्या प्रॉडक्टमधले ते स्क्रू सहज निघतात का.