ख्रिस्ती धर्मग्रंथातील स्त्रिया

बायबलमध्ये स्त्रियांचे झालेले चित्रण, त्यांना दिलेले स्थान आणि त्याच्या आधाराने ख्रिस्ती मंडळीत ठरत आलेले त्यांचे अधिकार, हा या नोंदीचा विषय आहे. बायबल हा अनेक शतकांत, अनेक हातांनी लिहिलेल्या ग्रंथांचा संग्रह असल्यामुळे त्यात या बाबतीत एकच एक भूमिका सापडत नाही; स्त्रियांचे स्थान कोणते हे बरेचसे वाचणारा कोणत्या उताऱ्यापासून सुरुवात करतो यावर अवलंबून राहिले आहे.

हा पेच बायबलच्या पहिल्याच, उत्पत्तीच्या पुस्तकातच आहे. पहिल्या अध्यायात नर आणि नारी दोघांनाही एकाच वेळी देवाच्या प्रतिरूपात निर्माण केल्याचे सांगितले आहे, तर दुसऱ्यात स्त्री पुरुषाच्या फासळीपासून घडते. पतीने पत्नीवर सत्ता चालवण्याचा उल्लेख प्रथम येतो तो तिसऱ्या अध्यायात, आज्ञाभंगाचा परिणाम म्हणून. तो मूळ रचनेचा भाग नव्हे, ही गोष्ट त्या वचनाचा आधार घेणारे सहसा सांगत नाहीत. जुन्या करारातील नियमशास्त्र पितृसत्ताक समाजाचे आहे. दहाव्या आज्ञेत शेजाऱ्याची पत्नी ही त्याचे घर, दास, बैल आणि गाढव यांच्याच यादीत येते. तरीही दबोरा इस्राएलाचा न्यायनिवाडा करते; आणि योशीया राजाच्या काळात मंदिराच्या दुरुस्तीत नियमशास्त्राचा ग्रंथ सापडतो तेव्हा मुख्य याजक हिल्कीया व राजाचे अधिकारी देवाचा कौल घेण्यासाठी हुल्दा या संदेष्ट्रीकडे जातात. यिर्मया हा संदेष्टा त्या काळात संदेश देत होता, तरी तिच्याकडे जाण्यात काही वावगे आहे असे निवेदकाला वाटत नाही.

येशूचे चरित्र सांगणाऱ्या शुभवर्तमानांत त्याच्या बारा प्रेषितांमध्ये (त्याने निवडलेल्या प्रमुख शिष्यांमध्ये) एकही स्त्री नाही. मात्र त्याच्याबरोबर गावोगाव फिरणाऱ्यांत मग्दालीया मरीया, हेरोदाचा कारभारी खुजा याची पत्नी योहान्ना, सुसान्ना आणि इतर पुष्कळ स्त्रिया होत्या व त्या आपल्या पैशाने या मंडळींचा खर्च चालवीत, असे शुभवर्तमानकार लूक सांगतो. योहानाच्या शुभवर्तमानात येशू विहिरीपाशी एका शोमरोनी (समारियातील) स्त्रीशी उपासनेविषयी दीर्घ संभाषण करतो. शिष्यांना आश्चर्य वाटते ते तो एका स्त्रीशी बोलत असल्याचे. पुनरुत्थानाची पहिली वार्ताही स्त्रियांनीच आणली. प्रेषितांना ती वायफळ बडबड वाटली, हे लूकने लपवलेले नाही. आरंभीच्या ख्रिस्ती मंडळ्यांना पत्रे लिहिणारा प्रेषित पौल याने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रातील पुनरुत्थानाच्या साक्षीदारांच्या यादीत मात्र या स्त्रियांपैकी कोणाचेच नाव येत नाही. मग्दालीया मरीयेच्या वाट्याला पुढे आणखी एक अन्याय आला. पोप पहिले ग्रेगरी यांनी ५९१ मधील एका प्रवचनात तिला लूकमधील निनावी पापी स्त्रीशी एकरूप केले आणि पश्चिमेकडील चर्चमध्ये ती शतकानुशतके पश्चात्तापदग्ध वेश्या म्हणून ओळखली गेली, वास्तविक ग्रंथात तसे कुठेच म्हटलेले नाही. कॅथलिक चर्चने १९६९ च्या दिनदर्शिकेत ही सरमिसळ दूर केली आणि २०१६ मध्ये २२ जुलै या तिच्या स्मरणदिनाला प्रेषितांच्या सणांचा दर्जा दिला.

खरा वाद पौलाच्या पत्रांभोवती आहे. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात ख्रिस्तामध्ये यहूदी व हेल्लेणी (ग्रीक), दास व स्वतंत्र, पुरुष व स्त्री हा भेद उरत नाही असे तो म्हणतो. रोमकरांस पत्राच्या सोळाव्या अध्यायातील नावांत तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास स्त्रिया आहेत. किंख्रिया येथील मंडळीची सेविका फिबी हिची तो शिफारस करतो. प्रिस्का आणि अक्विला या दांपत्याचा नव्या करारात सहा वेळा उल्लेख येतो व त्यांपैकी चार वेळा पत्नीचे नाव आधी घेतलेले आहे. याच अध्यायात प्रेषितांमध्ये नामांकित म्हणून युनियाचे नाव येते. चौथ्या शतकातील धर्मगुरू व प्रवचनकार जॉन क्रिसोस्टोम याने, जो एरवी स्त्रियांच्या बाबतीत फारसा उदार नव्हता, तिची स्त्री म्हणूनच स्तुती केली. पुढे मात्र ‘प्रेषित’ स्त्री असणे अशक्य मानून ते नाव पुरुषाचे ठरवले गेले, आणि विसाव्या शतकात ग्रीक पाठाच्या प्रमाण आवृत्त्यांतही ते तसेच छापले गेले; अलीकडच्या आवृत्त्यांनी ते पुन्हा स्त्रीचे केले आहे.

याउलट करिंथकरांस पहिल्या पत्राच्या चौदाव्या अध्यायात स्त्रियांनी मंडळ्यांमध्ये गप्प राहावे असे आहे. त्याच पत्राच्या अकराव्या अध्यायात स्त्रिया प्रार्थना करतात, संदेश देतात हे गृहीत धरून फक्त मस्तक झाकण्याविषयी सूचना दिलेली असल्याने दोहोंचा मेळ बसत नाही. काही जुन्या हस्तलिखितांत ही वचने अध्यायाच्या शेवटी आढळतात. त्यामुळे ती नंतर घुसडली असावीत असे काही अभ्यासकांचे मत आहे, तर इतरांच्या मते ती त्या मंडळीतील विशिष्ट गोंधळापुरती आहेत. तीमथ्याला लिहिलेले पहिले पत्र स्त्रीला शिकवण्याची व पुरुषावर अधिकार चालवण्याची मनाई करते. ते पौलाचे नसून त्याच्या नंतरच्या पिढीतील आहे, असे बहुसंख्य आधुनिक अभ्यासक मानतात.

मराठी वाचकांसाठी या विषयात पंडिता रमाबाईंचे स्थान वेगळे आहे. इंग्लंडमध्ये असताना ‘पतित’ मानल्या गेलेल्या स्त्रियांसाठी ख्रिस्ती भगिनींनी चालवलेले काम त्यांनी पाहिले आणि शोमरोनी स्त्रीची कथा वाचून आपले मन ख्रिस्ताकडे वळल्याचे त्यांनी स्वतः नमूद केले आहे. १८८३ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यानंतरही धर्माधिकाऱ्यांचा शब्द त्यांनी निमूटपणे स्वीकारला नाही. चेल्टनहॅम येथे त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्यास भारतातील बिशपांनी हरकत घेतली, तेव्हा त्यांनी पत्रांतून तिचा प्रतिवाद केला. पुढे हिब्रू व ग्रीक शिकून त्यांनी संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणले. १९२२ मध्ये निधन होण्याच्या थोडे आधी ते काम पुरे झाले आणि केडगावच्या मुक्ति मिशनमधील स्त्रियांच्या श्रमांतून ते छापले गेले.

स्त्रियांना धर्मगुरूपद द्यावे की नाही याबाबत चर्चपंथांत अद्याप एकमत नाही. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९४ मध्ये, ख्रिस्ताने प्रेषित म्हणून पुरुषच निवडले या आधारावर, कॅथलिक चर्चला तसा अधिकारच नसल्याचे जाहीर केले. वसई आणि गोव्यातील कॅथलिक मंडळींनाही हाच नियम लागू आहे. वेदीसेवा व धर्मग्रंथवाचन या सेवापदांवर स्त्रियांची रीतसर नेमणूक करण्याची मुभा कॅथलिक चर्चमध्ये २०२१ पासून आहे. महाराष्ट्रातील अनेक प्रॉटेस्टंट मंडळ्या ज्यात मोडतात त्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियामध्ये मात्र स्त्रियांना पाळकपदाची दीक्षा दिली जाते.