15, 20 आणि 92: टोनआर्मच्या उंचीमागचे आकडे

मोनोच्या, म्हणजे एकाच चॅनेलच्या, जमान्यात टोनआर्मच्या (तबकडीवर सुई धरणाऱ्या दांडीच्या) उंचीची फारशी फिकीर कुणी करत नसे, आणि ते बरोबरच होतं. मोनो एलपीची खाच फक्त डावी-उजवीकडे नागमोडी जाते. 1958 च्या सुमारास स्टीरिओ तबकड्या आल्या, खाचेच्या दोन भिंतींत दोन चॅनेल कोरले जाऊ लागले आणि सुईला वर-खालीही नाचावं लागलं. कॅन्टिलिव्हरची, म्हणजे सुई ज्या बारीक काडीच्या टोकाला असते तिची, बिजागरी तबकडीच्या वर असल्याने हे नाचणं सरळ उभं नसतं, तिरपं असतं. तबकडी कोरणाऱ्या सुईचंही तसंच. हे दोन तिरपे कोन जुळले नाहीत तर डिस्टॉर्शन वाढतं.

साठच्या दशकात त्यासाठी 15 अंशांचं मानक ठरलं. पण कोरणाऱ्या यंत्राचा कोन जसाच्या तसा खाचेत उतरत नाही. ज्या थरात खाच कोरतात ते लॅकर थोडं लवचिक असतं. सुई पुढे गेली की ते किंचित मागे येतं आणि खाचेतला कोन कमी भरतो. ही तूट धरून यंत्रं जास्त तिरपी लावावी लागली. कार्ट्रिज (कॅन्टिलिव्हर आणि सुई बसवलेली छोटी डबी) बनवणाऱ्यांचं दुखणं वेगळं होतं. कोन 15 वर आणायचा तर बिजागरी खाली घ्यावी लागते, आणि मग कार्ट्रिजचं पोट तबकडीला घासायची भीती. सत्तरच्या दशकात मानक 20 वर गेलं. माझ्या मते ही शरणागतीच होती, पण शहाणपणाची. तोवर निघालेल्या तबकड्या मात्र बदलणार नव्हत्या.

खरा गुंता शब्दाचा आहे. आर्मच्या उंचीला सगळे सरसकट 'व्हीटीए' (व्हर्टिकल ट्रॅकिंग अँगल) म्हणतात. व्हीटीए म्हणजे वर सांगितलेला, कॅन्टिलिव्हरच्या हालचालीचा तिरपेपणा. साधारण 230 मिलिमीटर लांबीच्या आर्मवर 1 अंश बदलायला मागची बाजू 4 मिलिमीटर उचलावी लागते. म्हणजे 20 चा कोन 15 करायचा तर आर्म 20 मिलिमीटर खाली! ते कुठल्याच टर्नटेबलवर जमणार नाही. आपण उंची बदलून जे जुळवतो तो प्रत्यक्षात 'एसआरए' (स्टायलस रेक अँगल), म्हणजे हिऱ्याची कड खाचेत किती उभी किंवा कलती बसते तो कोन. दोन्ही कोन एकाच वेळी, सारखेच बदलतात. म्हणून नावांची सरमिसळ झाली आणि ती आता सुटेलसं वाटत नाही.

गोल टोकाच्या सुईला एसआरएने फारसा फरक पडत नाही. गोळा कसाही कलला तरी गोळाच. सत्तरच्या सुरुवातीला चार चॅनेलच्या सीडी-4 तबकड्यांतला 30 किलोहर्ट्झचा कॅरिअर (जादा चॅनेल वाहून नेणारा संकेत) वाचण्यासाठी बारीक धारेची शिबाता सुई आली, मागोमाग आणखी बारीक धारेच्या सुया. धार आली तेव्हा कल महत्त्वाचा झाला. एसआरएचा 92 अंश हा आकडा पुढे ऐंशीच्या दशकात रुळला आणि स्वस्त यूएसबी मायक्रोस्कोप आल्यावर घरोघरी मोजला जाऊ लागला.

प्रत्येक तबकडीला वेगळी उंची लावणारे आजही आहेत. 180 ग्रॅमची तबकडी 120 ग्रॅमच्या तबकडीपेक्षा जाड असते खरी, पण फरक मिलिमीटरही भरत नाही, म्हणजे पाव अंशाच्या आतच. त्यात उंचीबरोबर सुईचा दाबही किंचित हलतो, आणि तो पुन्हा मोजायची तसदी बहुतेक जण घेत नाहीत.