घरच्या नानखटाईची बेकरी करताना: नोंदणी, कर्ज-अनुदान आणि लागणारे कागद

दिवाळीच्या आधी किंवा मे महिन्यात रवा, मैदा, पिठीसाखर आणि तूप घेऊन भट्टीवर जायचं आणि नानखटाईचे डबे भरून घरी आणायचे, हे महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांनी वर्षानुवर्षं केलंय. आज त्याच प्रमाणाने कुणी घरच्या ओव्हनमध्ये नानखटाई, नाचणीची बिस्किटं, खारी करून विकतं. आधी ओळखीतून ऑर्डरी येतात, मग कोपऱ्यावरचा दुकानदार माल ठेवायला तयार होतो आणि विचारतो, "लायसन्स आहे ना?" तिथून पुढचे कागद कसे काढायचे, ते इथे सांगते.

अर्ज कुणाच्या नावाने?

हा प्रश्न घरात बसून आधी सोडवा, कारण पुढचा प्रत्येक कागद त्याच नावावर निघतो. बहुतेक घरांत कृती आईची किंवा सासूबाईंची असते, भल्या पहाटे उठून पीठ मळते सून, आणि अर्ज भरला जातो मुलाच्या नावाने, कारण "त्याला ऑनलाइन जमतं". माझं स्पष्ट मत आहे की जिच्या हातचं आहे, तिच्याच नावाने अर्ज करा. हा मानाचा प्रश्न आहेच, शिवाय हिशेबाचाही आहे. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात, म्हणजे पीएमईजीपीत, शहरी भागातल्या सर्वसाधारण गटातल्या पुरुषाला प्रकल्प खर्चाच्या १५ टक्के अनुदान आहे, तर स्त्रीला २५. ग्रामीण भागात हेच प्रमाण २५ आणि ३५ टक्के. स्वतःचा हिस्साही स्त्रीला दहाऐवजी पाचच टक्के भरावा लागतो.

नाव ठरलं की आधार, पॅन आणि बँकेचं पासबुक शेजारी शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून पाहा. पॅनवर माहेरचं नाव आणि आधारवर सासरचं, ही अडचण बायकांच्या अर्जात हमखास येते. विवाह नोंदणीचा दाखला जोडून पॅनवरचं नाव आधी दुरुस्त करून घ्या, मगच पुढे जा. दुसरी अडचण जागेची. वीजबिल अजून आजोबांच्या नावावर असतं. अशा वेळी आज ज्यांच्या नावावर घर आहे त्यांचं संमतीपत्र आणि घरपट्टीची पावती तयार ठेवा. भाड्याची जागा असेल तर भाडेकरार लागेल, आणि त्यात खाद्यपदार्थ तयार करायला मालकाची परवानगी आहे असं वाक्य घालून घ्या.

अन्नसुरक्षेची नोंदणी

'अन्नसुरक्षा आणि मानके कायदा, २००६' नुसार घरी करून विकणाऱ्यालाही नोंदणी लागते. अर्ज 'फॉसकॉस' या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या पोर्टलवर स्वतः भरता येतो. २०११ च्या नियमावलीने वर्षाला १२ लाख रुपयांपर्यंत उलाढाल असणाऱ्याला नोंदणी आणि त्यावर परवाना अशी विभागणी केली. नोंदणीचं शुल्क वर्षाला १०० रुपये होतं. मर्यादा आणि शुल्क बदलत असतं, म्हणून अर्जाच्या दिवशी पोर्टलवर दिसेल तोच आकडा धरा. व्यवसायाच्या प्रकारात किरकोळ विक्री न निवडता 'उत्पादन' निवडा आणि अन्नप्रकारात क्रमांक ७, बेकरी उत्पादने. इथे चूक झाली तर हातातली नोंदणी तुमच्या धंद्याची ठरत नाही.

नोंदणीला फोटो, ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा एवढ्यावर भागतं. परवान्याच्या पातळीवर गेलात की जागेचा नकाशा, यंत्रांची यादी, पाण्याचा तपासणी अहवाल आणि अन्नसुरक्षा व्यवस्थापनाचा आराखडा द्यावा लागतो. अधिकारी जागा पाहायला येऊ शकतात. स्वच्छ पाणी, झाकलेलं पीठ, जाळीच्या खिडक्या आणि काम करणाऱ्यांचे वैद्यकीय दाखले ही तयारी त्याआधीच ठेवा. मिळणारा १४ अंकी क्रमांक प्रत्येक पाकिटावर छापायचा असतो.

उद्यम आणि गुमास्ता

उद्यम, म्हणजे लहान उद्योगांची केंद्र सरकारकडची नोंदणी, मोफत आहे. आधार आणि पॅन असलं की घरबसल्या होते, दलालाला एक रुपयाही देऊ नका. १ एप्रिल २०२५ पासून यंत्रसामग्रीत अडीच कोटी आणि उलाढालीत १० कोटी रुपयांपर्यंतचा उद्योग सूक्ष्म गणला जातो. गुमास्ता, म्हणजे शॉप ॲक्टखालची दुकान-आस्थापनेची नोंदणी, 'आपले सरकार' पोर्टलवर होते. मोजकेच कामगार असतील तर नोंदणीऐवजी नुसती सूचना द्यावी लागते. धंद्याच्या नावाने चालू खातं उघडताना बँक हे दोन्ही कागद मागते.

कर्ज आणि अनुदान

वर सांगितलेली पीएमईजीपी फक्त नव्या उद्योगासाठी आहे. चालू बेकरी वाढवायची असेल तर तुमचा रस्ता म्हणजे प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजना, पीएमएफएमई. ती जून २०२० मध्ये सुरू झाली आणि महाराष्ट्रात कृषी विभाग राबवतो. वय १८ पूर्ण हवं, आणि एका कुटुंबातून एकालाच लाभ मिळतो. कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि मुलं. मुलाने घाईघाईत अर्ज टाकला तर आईची संधी संपू शकते, म्हणून नावाबद्दल इतकं सांगितलं. दोन्ही योजनांची मंजूर मुदत २०२५-२६ या आर्थिक वर्षापर्यंतची होती, त्यामुळे सध्या अर्ज घेतले जात आहेत का, हे पहिल्यांदा विचारा: पीएमएफएमईसाठी तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे, पीएमईजीपीसाठी जिल्हा उद्योग केंद्रात.

पीएमएफएमईत पात्र खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपये अनुदान आहे आणि किमान १० टक्के आपले घालायचे. समजा ओव्हन, पीठ मळण्याचं यंत्र आणि पॅकिंगचं यंत्र मिळून ६ लाखांचा प्रकल्प आहे. ६० हजार आपले, ५ लाख ४० हजार कर्ज, आणि अनुदान २ लाख १० हजार. पण हे पैसे हातात पडत नाहीत. बँकेत तुमच्या नावे वेगळे ठेवले जातात आणि ३ वर्षं कर्ज थकलं नाही, उद्योग चालू राहिला, तर कर्जात वळते होतात. अनुदानाच्या भरवशावर उधारीने यंत्र उचलणाऱ्यांची फार ओढाताण होते. जमीन खरेदीचा खर्च प्रकल्पात धरत नाहीत.

कागद म्हणाल तर आधार, पॅन, बँकेचे उतारे, जागेचा पुरावा, यंत्रांची दरपत्रकं, उद्यम, अन्नसुरक्षा नोंदणी आणि प्रकल्प अहवाल. हा अहवाल करायला योजनेने नेमलेली जिल्हा संसाधन व्यक्ती मदत करते आणि तिचं मानधन शासन देतं, तुम्ही नाही. बँक मागचे हप्ते बघते. मोबाइलचा एखादा थकलेला हप्तासुद्धा अर्ज अडवतो. छोटी रक्कम हवी असेल तर मुद्रा कर्ज बघा, शिशु गटात ५० हजारांपर्यंत तारणाशिवाय मिळतं.

भट्टी घेताना लाकडाची घेऊ नका. मुंबईत तर उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा दुसऱ्या स्वच्छ इंधनावर जायला सांगितलं.

पाकीट आणि कर

पाकिटावर घटक उतरत्या प्रमाणात, वजन, किंमत, बॅच, तयार केल्याची आणि वापरण्याची शेवटची तारीख, पत्ता हे सगळं हवं. गहू, दूध, सुकामेवा यांची ॲलर्जीची सूचना ठळक द्या. केकमध्ये अंडं असेल तर हिरवा ठिपका चालत नाही, तपकिरी त्रिकोण लागतो. कृती जुनी आणि डालड्यातली असेल तर तुपाकडे किंवा लोण्याकडे वळा: जानेवारी २०२२ पासून डालड्यासारख्या घट्ट केलेल्या तेलातून येणाऱ्या कारखानी ट्रान्स फॅटला एकूण तेल-तुपाच्या २ टक्क्यांची मर्यादा आहे.

फक्त माल विकणाऱ्याला महाराष्ट्रात वर्षाला ४० लाखांपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही. पण सावंतवाडीहून गोव्याला किंवा कोल्हापूरहून बेळगावला माल धाडायचा, तर पहिल्या खेपेपासून नोंदणी हवी. २२ सप्टेंबर २०२५ पासून केक आणि बिस्किटांवरचा कर १८ वरून ५ टक्क्यांवर आला आहे.

शेवटचा कागद ट्रेडमार्कचा, म्हणजे तुमच्या मालाच्या नावाच्या नोंदणीचा; बेकरीचा माल वर्ग ३० मध्ये येतो. ऑनलाइन अर्जाला व्यक्तीसाठी ४,५०० रुपये पडतात. भागीदारी असेल तर उद्यम प्रमाणपत्र जोडल्यावर तेवढेच. पाकिटं हजारांनी छापायला टाकण्याआधी ट्रेडमार्कच्या पोर्टलवर तेच नाव आधी कुणी घेतलंय का, हे शोधून बघा.