जत्रेतला खाजा आणि नैवेद्याचा मोदक

कोकणात जत्रा सुरू झाल्या की खाज्याच्या दुकानासमोर एखादं चार वर्षांचं पोर फतकल मारून बसलेलं हमखास दिसतं. गूळ-आल्यात घोळलेल्या त्या बेसनाच्या कांड्या हातात पडेपर्यंत ते जागचं हलत नाही. हेच पोर चतुर्थीला उकडीच्या मोदकांचा वास घरभर सुटलेला असताना नैवेद्य होईपर्यंत हात लावत नाही. मग जत्रेत त्याचा ताबा कुठे जातो?

मोह आवरायला कपाळामागचा मेंदूचा भाग, प्रीफ्रंटल कॉर्टेक्स, लागतो आणि तो विशीच्या मध्यापर्यंत घडत असतो. लहान मुलाला थांबणं जड जातं, ते यामुळे. पण मेंदू तर दोन्हीकडे तोच!

2022 मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास इथे फार उपयोगी पडतो. जपानमधल्या क्योतो इथली आणि अमेरिकेतल्या कोलोराडोची चार-पाच वर्षांची मुलं त्यात होती. आत्ता एक घे, थांबलास तर दोन मिळतील, असं त्यांना सांगितलं. खाऊसाठी जपानी मुलं कितीतरी जास्त वेळ थांबली. खाऊच्या जागी गुंडाळलेली भेटवस्तू ठेवली, तर उलट झालं: अमेरिकन मुलं थांबली, जपानी मुलांनी पटकन उघडली. जपानमध्ये सगळ्यांची पानं वाढून होईपर्यंत जेवायला सुरुवात करत नाहीत. अमेरिकेत नाताळच्या भेटी त्या दिवसापर्यंत बंद राहतात. ज्या गोष्टीसाठी थांबायची घरात सवय, तिथे संयम आपोआप येतो. मोदकाचं तेच आहे. खाज्यासाठी थांबायला आपण कधी शिकवलेलंच नसतं.

या प्रयोगाचं मूळ मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेल यांचं. 1960च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत त्यांनी तो सुरू केला. खाऊ झाकून ठेवला तर मुलं जास्त थांबतात, हे त्यांना दिसलं. जास्त थांबणारी मुलं पुढे अभ्यासात सरस ठरतात, ही त्यातली पुढची गोष्ट मात्र गरजेपेक्षा जास्त गाजली. 2018 मध्ये 900हून अधिक मुलांची माहिती तपासली, तेव्हा घरची परिस्थिती आणि मुलाची आधीची समज हिशेबात धरताच तो संबंध बराच विरला. खाज्यासाठी हटून बसलेल्या मुलाच्या भवितव्याची काळजी करण्याचं काहीच कारण नाही.

मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो 2013 मधला मानसशास्त्रज्ञ सेलेस्ट किड आणि सहकाऱ्यांचा प्रयोग. मुलं होती फक्त 28. आधी चित्रकलेच्या वेळी त्यांना सांगितलं, थांबा, जास्त छान रंग आणून देते. निम्म्यांना ते मिळाले. निम्म्यांना सांगितलं, रंग संपले. स्टिकरच्या बाबतीतही तसंच केलं. मग खाऊ पुढे ठेवला. जिथे शब्द पाळला गेला होता, तिथली मुलं सरासरी 12 मिनिटं थांबली. जिथे मोडला होता, तिथली 3 मिनिटं. फसलेलं पोर हातातलं आधी खाऊन टाकतं. यात अधीरपणा कसला, हा तर चोख व्यवहार. मुंबईहून चाकरमानी बाबा फोनवर म्हणतात, ‘गणपतीक येताना हाडतंय’ (आणतो), तेव्हा पोरगं ते मनात टिपून ठेवतं.

मोठ्यांच्या ‘नाही’चंही पोर असंच गणित मांडतं. कधी रडून मिळतं, कधी मिळत नाही, अशी धरसोड असली की रडण्याची सवय जास्त चिवट होते. नेमाने मिळणाऱ्या बक्षिसापेक्षा अधूनमधून मिळणाऱ्या बक्षिसाने लागलेली सवय सुटायला वेळ लागतो, हे प्राण्यांवरच्या प्रयोगांतून फार पूर्वीच दिसलं आहे. शिवाय मागितलेलं मिळेनासं झालं की रडणं कमी होण्याआधी थोडा वेळ वाढतं. गर्दीत सगळे बघत असताना आईबाप हात टेकतात ते नेमके याच चढत्या सुराला, आणि पुढच्या जत्रेत पोर तिथूनच सुरुवात करतं.