पत्रकावरून गळलेलं एक अक्षर

बुलढाणा जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला शिकणाऱ्या एका ख्रिस्ती मुलीने यंदा गर्भपाताविरुद्ध काम सुरू केलं. सोबत चार मैत्रिणी, पन्नास झेरॉक्स, आणि ओढणीला लावलेली नखाएवढी पिन. दहा आठवड्यांच्या गर्भाच्या पावलांचं माप आहे म्हणे ते. "मॅडम, शुद्धलेखन बघून द्या ना," म्हणत तिने पत्रक माझ्या हातात दिलं. शुद्धलेखन ठीक होतं. मी थांबले मथळ्याशी. राष्ट्रीय सेवा योजनेच्या (रासेयो) जुन्या भित्तिपत्रकावरून तिने मजकूर उतरवून घेतला होता आणि 'स्त्रीभ्रूणहत्या थांबवा' यातलं 'स्त्री' तेवढं गाळलं होतं. एकच अक्षर गेलं, पण मागणी पार बदलली.

हे समजायला बरंच मागे जावं लागतं. 1860 च्या भारतीय दंड संहितेने कलम 312 खाली गर्भपात गुन्हा ठरवला आणि करून घेणारी बाईही आरोपी झाली. जीव वाचवण्यासाठी केलेला तेवढा अपवाद. त्या काळात विधवेला दिवस गेले की तिच्यापुढे विहीर, गावठी औषध किंवा बाळाचा गळा, एवढेच रस्ते उरत. 1863 मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. इथे या, गुपचूप बाळंत व्हा, मूल ठेवायचं तर ठेवा, नाहीतर आम्ही सांभाळू, असं ते घर होतं. अशाच एका विधवेचा मुलगा, यशवंत, त्यांनी दत्तक घेतला.

आणि आमच्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे! 1881 मध्ये सुरतेकडच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला बाळाच्या खुनाबद्दल फाशी सुनावली गेली. शिक्षा पुढे सौम्य झाली. वर्तमानपत्रं त्या बाईवर आणि एकूण स्त्रीजातीवर तुटून पडली, तेव्हा ताराबाईंनी 1882 मध्ये 'स्त्री पुरुष तुलना' छापून विचारलं की दोष फक्त बाईचाच कसा? जिल्ह्यातल्या प्रत्येक मुलीला हे पान माहीत हवं, असं मला मनापासून वाटतं.

पुढे 1964 मध्ये, गर्भपाताला कायद्याने मुभा द्यावी का हे तपासायला शांतिलाल शाह समिती नेमली गेली. चोरून, काडी घालून केलेल्या गर्भपातांत बाया मरत होत्या, हे त्यामागचं मोठं कारण. समितीचा अहवाल 1966 चा. ठरावीक कारणांसाठी गर्भपाताला मुभा देणारा कायदा 10 ऑगस्ट 1971 चा, लागू झाला 1 एप्रिल 1972 पासून. 2021 च्या दुरुस्तीनंतर 20 आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं, ठरावीक परिस्थितीत दोन डॉक्टरांच्या मताने 24 पर्यंत मुभा आहे. गर्भात गंभीर व्यंग असेल तर त्यापुढेही वैद्यकीय मंडळ परवानगी देऊ शकतं.

मग सोनोग्राफी आली, आणि मुलगी नको म्हणून गर्भ पाडले जाऊ लागले. महाराष्ट्राने 1988 मध्ये, देशात सर्वांत आधी, याविरुद्ध कायदा केला. केंद्राचा 1994 चा. तरी राज्यात सहा वर्षांखालच्या दर हजार मुलग्यांमागे मुली 2001 मध्ये 913 होत्या, त्या 2011 मध्ये 894 झाल्या. 2015 मध्ये 'बेटी बचाओ' योजना सुरू झाली, तेव्हा पहिल्या 100 जिल्ह्यांत विदर्भातले बुलढाणा आणि वाशीम होते. दवाखान्याची भिंत, एसटी स्टँड, शाळेची प्रभातफेरी, सगळीकडे तोच शब्द: स्त्रीभ्रूणहत्या. कायदा बंदी घालतो ती लिंगनिदानावर आणि लिंगनिवडीवर. पण 'हत्या' हा शब्द लोकांच्या डोक्यात इतका बसला की गर्भपातच बेकायदा आहे असं आमच्याकडे शिकलेली माणसंही सांगतात. म्हणून स्त्री-संघटना 'लिंगनिवड' म्हणा, असा आग्रह धरतात. तो मला पटतो.

मुलीची वाट मात्र चर्चमधून आली. आईच्या उदरात देवच घडवतो हे स्तोत्र 139 तिला लहानपणापासून पाठ. सुरुवातीच्या शतकांतल्या ख्रिस्ती लेखनातही गर्भपाताला मनाई आहे. त्या पावलांच्या पिनेसारखी चळवळ मात्र अमेरिकेतली: 22 जानेवारी 1973 ला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचा हक्क मान्य केला, पुढच्याच वर्षी त्याच तारखेला वॉशिंग्टनमध्ये पहिला मोर्चा निघाला. आधी कॅथलिक पुढे होते, सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस प्रोटेस्टंटांतली इव्हँजेलिकल मंडळी मोठ्या संख्येने आली. 2022 मध्ये तो निकाल रद्द झाला. त्याच वर्षी 10 ऑगस्टला, म्हणजे आपल्या कायद्याच्या तारखेला, दिल्लीत कॅथलिकांच्या पुढाकाराने असा मोर्चा झाला.

वऱ्हाडात ख्रिस्ती माणसं थोडी: अकोला-खामगावकडे अलायन्स मिशनची चर्च, यवतमाळकडे फ्री मेथडिस्ट. 1897 आणि 1900 च्या दुष्काळांत मिशनऱ्यांनी पोरकी मुलं सांभाळली. या मुलीची खापरपणजी त्यांतलीच. "तिला कोणी उचललं नसतं तर मी नसते, मॅडम," ती म्हणाली, आणि यावर मला बोलता आलं नाही.

फुल्यांच्या घराचं मी सांगितलं तेव्हा तिने लगेच विचारलं, आता तशी सोय कुठे आहे? आहे. बालकल्याण समितीकडे बाळ सोपवता येतं, आणि निर्णय बदलायला आईला दोन महिने मिळतात. दोघी बसलो आणि पत्रक पुन्हा लिहिलं. गर्भपाताला तिचा विरोध त्यात आहे, तिच्या श्रद्धेच्या नावाने, स्पष्ट. गर्भपात कायदेशीर आहे आणि लिंगनिदान गुन्हा, हेही आहे. मथळ्यातला 'हत्या' तिने स्वतः खोडला. खाली ठळक अक्षरांत चाइल्डलाइनचा, म्हणजे मुलांसाठीच्या मदतवाहिनीचा नंबर टाकला, 1098.